पिवळा दिवा आणि पोळ्याची पुरणपोळी

पोळा झाल्यावर आठ-दहा दिवसांत माझ्या गाडीत एक पिवळा दिवा लागला, आणि घरातल्या, बिल्डिंगमधल्या आणि पार पुण्यातल्या पुरुषांना एकदम अक्कल फुटली. दिवा केवढा, तर करंगळीच्या नखाएवढा. स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या खाली, इंजिनाचं चित्र आणि शेजारी इंग्रजीत एक ओळ, की धुराच्या यंत्रणेत बिघाड आहे, तपासून घ्या. गाडी मात्र छान चालत होती. आवाज नाही, धूर नाही, कुठं अडखळणं नाही. पण दिवा लागला की कुणीतरी शहाणा मागोमाग येतोच, आणि माझ्याकडे तर एकामागून एक आले.

पहिले आमचे हे. ह्यांचा जन्म कोलकात्याचा, नोकरी बँकेतली, आणि गाडीबद्दलचं ज्ञान सगळं मागच्या सीटवर बसून मिळवलेलं. पूर्वी स्वतः चालवायचे, नाही असं नाही. पण एकदा बालीगंजच्या फाटकापाशी एका मिनीबसनं आरसा घासून नेला, आणि तेव्हापासून ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली ती दिलीच. मी पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले. शिकले म्हणजे माझी मीच. तशी मी सगळंच स्वतः शिकले. लग्न होऊन अकोल्याहून इथं कोलकात्यात आले तेव्हा मॅट्रिकपलीकडे काही नव्हतं, पण घरातला मिक्सर, इस्त्री, शिलाईचं मशीन, मुलाचा टेपरेकॉर्डर, सगळं मी उघडून बघितलेलं आहे आणि बहुतेक वेळा परत बंदही केलेलं आहे. ह्यांना फ्यूजची तार बदलताना मी एकदाच पाहिलं. त्यानंतर त्यांना स्टुलावर चढू दिलं नाही.

तर दिवा पाहून हे म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवतेस. सांगून सांगून थकलो."

मी म्हटलं, अहो, धुराचं लिहिलंय, क्लचचं नाही. तर म्हणाले, शेवटी सगळं एकच असतं. झालं. यापुढे काय बोलायचं माणसानं? कोटाच्या बटणाचं आणि पोटदुखीचंही शेवटी एकच असेल.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्या गाडीचं? रस्त्यात हात केला की टॅक्सी मिळते, फोनवर बोट ठेवलं की दारात येते. मुलगा हेच म्हणाला होता. त्याचं सांगते पुढे. आधी वन्संचं सांगायला हवं, कारण हा सगळा आटापिटा वन्संसाठी चालला होता.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ऐंशी कधीच ओलांडली. त्यांनी तरुणपणी एका बंगाली गृहस्थाशी लग्न केलं आणि बागबाजारच्या मोठ्या घरात गेल्या. मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला म्हणून इंग्रजांच्या काळी ज्या टोकापासून खंदक खणायला घेतला होता, तिथंच आमच्या वन्सं साठ वर्षं सुखानं नांदल्या, तेव्हा त्या खंदकाचा उपयोग काय झाला ते दिसतंच आहे. यजमान गेले, सासूसासरे तर केव्हाच गेले. आता मुलगा, सून, नातवंडं आहेत आणि सगळी मायाळू आहेत. पण वन्संचं अलीकडे काय झालंय, त्यांची बंगाली निसटायला लागली आहे. साठ वर्षं जी भाषा बोलल्या ती एकेक शब्द करून चालली, आणि लहानपणीची मराठी उरली. पाणी मागतात ते मराठीत, पाय दुखतो ते मराठीत. घरातले आधी हसायचे, मग घाबरले, मग नुसती मान हलवायला शिकले. त्या घरात मराठी कळणारं माणूस एक नाही.

म्हणून शनिवारी मी गाडी काढते आणि बालीगंजहून बागबाजारला जाते. वन्संना हात धरून खाली आणते, पुढच्या सीटवर बसवते, काचा वर करते, आणि आम्ही नदीकाठच्या रस्त्यानं हळूहळू फिरतो. घरात त्या गप्प बसतात. गाडीचं दार लागलं की बोलतात. जे आठवेल ते. आईनं केलेली भरडा घातलेली वांगी, शाळेतली वेणी, कुणाचं लग्न कसं मोडलं. टॅक्सीतही एकदा नेऊन पाहिलं. पुढे परका माणूस बसलेला, तर वन्सं खिडकीबाहेर बघत बसल्या ते घर येईपर्यंत एक अक्षर नाही. परक्यासमोर घरचं बोलायचं नाही, ही सवय बंगालीसारखी निसटून जाणारी नव्हती.

म्हणजे गाडी गेली तर वन्संचं बोलणं गेलं. इतकं साधं होतं ते. हे मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि मग आपापलं शहाणपण पुढे चालू केलं.

दुसरे शहाणे खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर. सरकारी नोकरीत जन्मभर पुलांच्या नकाशांवर सह्या केल्या, त्यामुळे जे जे लोखंडाचं ते आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत. मला 'बर्गी बौदी' म्हणतात, म्हणजे लुटारू मराठ्यांची वहिनी, आणि हा विनोद ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून करताहेत. त्यांना नवा सुचलेला नाही. ते लुंगी सावरत आले, बॉनेट उघडायला लावलं, बॅटरीची एक तार सोडवली, पानाची पिचकारी टाकून येईपर्यंत तशीच ठेवली आणि परत जोडली. दिवा गेला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हावड्याचा पूल आत्ताच यांनी खांद्यावर उचलून ठेवला. मी चहा दिला. वर रसगुल्लाही दिला, तो अजून मनाला लागून राहिला आहे. कारण दुसऱ्या दिवशी पार्क सर्कसच्या वळणावर दिवा परत हजर.

तापाच्या माणसाचा थर्मामीटर झटकून ठेवायचा आणि म्हणायचं, बरा झाला. दिवा परत आल्याचं सांगितलं तर इंजिनिअर म्हणाले, मग गाडीतच अर्थ राहिला नाही, बौदी, आता काढून टाका, माझ्या भाचीला शिकायला जुनी गाडी हवीच आहे. ते लबाड नव्हते हो. लबाडीलाही थोडी बुद्धी लागते. त्यांना आपलं खरंच वाटत होतं की जे यांना दुरुस्त होत नाही ते होतच नसणार.

मग सर्व्हिस सेंटर. तिथं काचेचं दालन, थंड हवा, कॉफीचं यंत्र, आणि गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण सल्लागार. त्यानं गाडी आत नेली, बाहेर आणली, आणि हिंदीत सांगितलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, सेन्सरसकट सगळं बदलावं लागेल. मी विचारलं, कोड काय आला? कारण एवढं मला माहीत होतं की दिवा लागला की गाडीच्या आतल्या कॉम्प्युटरमध्ये एक नंबर लिहिला जातो, आणि बिघाड कुठला ते त्या नंबरावरून शोधतात. तो हसला. असं गोड हसला, जसं आपण लहान मुलानं डॉक्टरला नाडी कशी बघतात ते विचारलं तर हसतो.

"आंटी, वो टेक्निकल है. आप अंकल को भेज दीजिए."

अंकलना. फ्यूजच्या तारेवाल्या अंकलना. मी त्याला म्हटलं, पाठवते, आणि गाडी तशीच घेऊन निघाले. त्या काचेच्या दालनात सगळ्यात प्रामाणिक वस्तू म्हणजे कॉफीचं यंत्र होतं. बटण दाबलं की निदान कॉफी यायची.

घरी आले तर ह्यांनी पुण्याला फोन लावलेला. मुलगा चांगला आहे, आईची काळजी करतो, आणि काळजी करणारी माणसं ऐकत नाहीत. म्हणाला, आई, तुझं वय बघ, कोलकात्याची ट्रॅफिक बघ, दिवा लागलाय हे निमित्तच समज. आत्याकडे ॲपची टॅक्सी करून जात जा. मी सांगितलं, त्या टॅक्सीत बोलत नाहीत. तर म्हणाला, मग व्हिडिओ कॉल कर. ज्या बाईला समोरची सून कधी कधी ओळखू येत नाही तिला म्हणे व्हिडिओ कॉल. आणि फोन ठेवायच्या आत बापलेकांचं ठरूनही गेलं, की दुर्गापूजेच्या आधी गाडी इंजिनिअरांच्या भाचीला द्यायची. मला विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. हे म्हणाले, "तुझं काही म्हणणं नाही ना?" आणि उत्तर ऐकायच्या आत पेपर उघडला.

त्या शनिवारी दिवा घेऊनच जाणार होते, पण ह्यांनी किल्ली कपाटात टाकलेली. गाडी वाटेत कुठं बंद पडली तर, म्हणे. वन्संच्या सुनेला फोन केला, येत नाही म्हणून. ती म्हणाली, त्या सकाळपासून साडी नेसून बसल्यात.

झालं. मग मी कुणाशीच वाद घातला नाही. कोड वाचायचं एक छोटं यंत्र मिळतं, काडेपेटीहून जरासं मोठं, ते घरपोच मागवलं. प्रत्येक गाडीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, एक खाच असते, त्यात ते बसवायचं आणि फोनवर नंबर दिसतो. एवढंच. ज्याच्यासाठी त्या पट्टेवाल्या पोरानं अंकलना बोलावलं होतं ते एवढंच. हे दुपारचे झोपले तेव्हा कपाटातून किल्ली काढली, खाली गेले, गुडघ्यावर उशी घेऊन वाकले आणि यंत्र बसवलं. नंबर आला. पी झिरो वन फोर वन.

पुढचे काही दिवस मी फोनवर नुसतं वाचत होते. इंग्रजी माझं अडखळत असतं, पण अडखळत का होईना पुढे जातं. आणि सांगते, कठीण काही नाही त्यात. गाडीचा धूर बाहेर पडायच्या आधी एका डब्यातून जातो, तिथं त्यातलं विष मारलं जातं. तो डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. डब्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन सेन्सर बसवलेले असतात, ते धुरात ऑक्सिजन किती ते हुंगत राहतात. गार असताना त्यांना नीट हुंगता येत नाही, म्हणून त्यांच्या पोटात एक बारीकसा हीटर असतो. आणि माझा नंबर सांगत होता की पलीकडच्या सेन्सरच्या हीटरला वीज नीट पोचत नाहीये.

वीज पोचत नाही! डबा गेला असं कुठं म्हणत होता तो? डबा गेल्याचा नंबर वेगळाच असतो. इस्त्री तापत नसेल तर माणूस आधी वायर बघतो का घर बदलतो? पण काचेच्या दालनात घर बदलायचा सल्ला मिळतो.

सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडलं आणि टॉर्च घेऊन वाकले. माझ्या गाडीत तो डबा इंजिनाला चिकटूनच मागच्या बाजूला आहे. वरून सेन्सरच्या वायरीचा झुपका दिसतो, चार वायरी. त्यातल्या दोन सारख्या रंगाच्या, त्या हीटरच्या. एक पार तुटलेली, दुसरीचं आवरण सोललेलं आणि आतलं तांबं चकचकतंय. कडेला बारीक दातांच्या खुणा. उंदीर. पावसाळ्यात बालीगंजचे उंदीर माणसांपेक्षा चांगल्या जागा शोधतात, त्यात नवल नाही. पण गाडीत याआधी कधी उंदीर आला नव्हता, मग आत्ताच काय मिळालं त्याला? टॉर्च जरा फिरवला. बॅटरीच्या शेजारच्या खोबणीत काळ्या लेंड्या, कागदाचा चुरा, आणि त्यात वाळून खडखडीत झालेला एक अर्धगोल. वर हळदीकुंकू लागलेलं. कड कुरतडलेली.

माझ्या हातची पुरणपोळी मी कशीही ओळखते.

आता पोळ्याचं सांगते. आमचे सासरे विदर्भातले, नोकरीसाठी इथं आले. गावाकडे पोळ्याला बैलाला ओवाळून पुरणपोळी खाऊ घालतात. कोलकात्यात बैल कुठून आणणार? तर सासऱ्यांनी जुनी गाडी घेतली तेव्हापासून पोळ्याला गाडीची पूजा. इथले लोक विश्वकर्मापूजेला गाड्या पूजतात, आमच्याकडे पोळ्याला. ह्यांनी ती रीत मोठ्या अभिमानानं चालवली. आधी बाहेर बॉनेटवर पोळी ठेवायचे, पण ती कावळे न्यायचे, म्हणून मग ओवाळून झालं की मी ती उचलून परत वर आणायचे. यंदा मी तब्येतीनं जरा बरी नव्हते, तर ताट घेऊन एकटेच खाली गेले. ताट रिकामं परत आलं. मी विचारलं, पोळी कुठंय? तर म्हणाले, गाडीनं खाल्ली. मला वाटलं स्वारीनं साखरेचा आजार असून खाल्ली आणि विनोद करतेय. संध्याकाळी भात दिला नाही. बिचारे काही न बोलता भाकरी खाऊन उठले.

मी तो अर्धगोल कागदात गुंडाळून वर नेला आणि पेपरावर ठेवला. ह्यांनी चष्मा लावून बघितलं.

"ही इथं कशी?"

"तेच विचारतेय. बॉनेटच्या आत कुणी ठेवली?"

"कावळे नेतात म्हणून आत ठेवली. बाबा ठेवायचे."

"आणि काढायची कुणी?"

यावर हे शांतपणे म्हणाले, "बैलाच्या तोंडातून पोळी काढतात का?"

बँकेनं या माणसाच्या भरवशावर तिजोरीच्या किल्ल्या दिल्या होत्या. बँक टिकली, हे त्या बँकेचं नशीब. महिनाभर क्लच क्लच म्हणून माझा जीव खाल्ला, आणि स्वतः उंदराला सणाचं जेवण वाढून, वर झाकण लावून आले होते.

दुरुस्ती सांगण्यासारखी मोठी नाही. गडियाहाटच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायर जोडायचे पितळी नळीचे जोड आणि उष्णतेनं आवळणारं आवरण आणलं. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? म्हटलं, माझ्यासाठी. बॅटरीची तार सोडली, या वेळी कारणासाठी. कुरतडलेली टोकं कापली, नवा तुकडा मध्ये घातला, पक्कडीनं जोड दाबले, आवरण चढवलं आणि केस वाळवायच्या यंत्रानं आवळून घेतलं. वायरी गरम भागापासून लांब बांधल्या. खोबण पुसून काढली. मग यंत्रावरून जुना नंबर पुसला आणि गाडी गल्लीतून, मग रासबिहारी रस्त्यापर्यंत, मग पुन्हा, असं रोज थोडं फिरवत राहिले. दिवा लागला नाही. इंजिनिअर गेटापाशी उभे राहून म्हणाले, एक-दोन दिवस थांबा बौदी, परत लागेल. त्यांची इच्छा होती का अंदाज, मला ठाऊक नाही. परत लागला नाही. भाचीला सायकल घेऊन द्या म्हटलं, तब्येतीला बरी.

पुढच्या शनिवारी बागबाजारला गेले. वन्सं साडी नेसून तयारच होत्या, त्यांना गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या. ओळखतील का याची धास्ती होती. मधे गॅप पडला होता ना. गाडी घाटापाशी आली तरी गप्प. मग म्हणाल्या,

"वहिनी, किती दिवस कुठं होतीस गं?"

मी सगळं सांगितलं. दिवा, उंदीर, पोळी. त्या ऐकत होत्या, आणि पोळीपाशी आल्यावर हसायला लागल्या. अशा हसल्या की मला गाडी कडेला घ्यावी लागली.

"धाकटा आहे तो, त्याला काय माहीत. बाबा पोळी गाडीला दाखवायचे, बैलानं हुंगल्यासारखी, आणि लगेच उचलून आम्हा पोरांना वाटायचे. आत ठेवायची कुणी सांगितली त्याला? तो तर तेव्हा रडत असायचा, त्याला मधला तुकडा हवा म्हणून."

म्हणजे बघा, एवढी वर्षं घरात ज्या रीतीचा दिमाख चालला होता, ती ह्यांना अर्धीच आठवत होती. खाण्याच्या आधीची.

वन्संनी डोळे पुसले आणि एकदम म्हणाल्या, "मला ने त्याच्याकडे." बालीगंजला त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. जिना त्यांना झेपत नाही. मी म्हटलं, वर नाही चढता यायचं. तर म्हणाल्या, त्याला खाली बोलाव.

तर आमच्या गेटापाशी गाडी उभी, इंजिनिअर लुंगीत कडेला, आणि हे चपला घालून खाली आलेले. वन्संनी काच खाली केली आणि अस्सल वऱ्हाडीत आपल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या भावाला असं झाडलं की तो हात मागे बांधून उभा राहिला. इंजिनिअरांना एक शब्द कळला नाही, तरी ते एक पाऊल मागे सरकले. परक्यासमोर घरचं बोलू नये, हे त्या दिवशी वन्सं विसरल्या, आणि मी आठवण करून दिली नाही.

शेवटी म्हणाल्या, "बस मागं. फिरून येऊ."

हे मुकाट्यानं मागे बसले. निघालो. सदर्न अव्हेन्यूवर झाडांखालून जाताना भाऊबहीण बोलायला लागले, मधल्या तुकड्यावरून. मी अधूनमधून काट्यांच्या खाली बघत होते, सवयीनं. काळंभोर होतं तिथं. तळ्याच्या वळणावर मी गिअर बदलला आणि मागून आवाज आला, "क्लचवरचा पाय काढ."

वन्संनी मान न वळवता सांगितलं, "तू गप्प बस. तिला कळतं."